येळवशीला सालगडी कुठे बसतो?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहात रजेची एक वही आहे. नाव, खोली क्रमांक, जाण्याची तारीख, परत येण्याची तारीख आणि शेवटी 'कारण', असे तिच्यात रकाने आखलेले आहेत. डिसेंबर 2024 मध्ये त्या शेवटच्या रकान्यापाशी माझे पेन अडले. दिवाळी, गौरी-गणपती, भावाचे लग्न, आजीचे आजारपण ही कारणे त्या वहीत पानोपानी आहेत आणि त्यांना कोणी हरकत घेत नाही. पण 'येळवस' लिहिले तर? एका मैत्रिणीला आधी विचारून पाहिले. ती म्हणाली, "अमावास्येला कोण घरी जातं? कुणाची नजर उतरवायची आहे का?" ती चेष्टेने म्हणाली, मीही हसले, आणि वहीत लिहिले, 'घरगुती कारण'. सही लगेच मिळाली.

खोटे काही लिहिले नव्हते. तरी दोन दिवस ते मनाला टोचत राहिले. त्या रकान्यात जे लिहायचे राहून गेले, ते आता सविस्तर लिहिते आहे. प्राध्यापक आणि मित्रमैत्रिणी यांनी थोडी जागा द्यावी, एवढीच विनंती.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत वेळ अमावास्या म्हणतात. बोलीत ती येळवस होते. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गी भागात हाच दिवस एळ्ळ अमावास्या म्हणून पाळतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. पुण्याच्या पंचांगात या दिवसाला फारशी किंमत नसली, तरी आमच्याकडे शाळा-कचेऱ्यांना स्थानिक सुटी मिळते, बाजार ओस पडतो आणि गावेच्या गावे उठून रानात जातात. ज्वारी तेव्हा पोटरीतून निसवून हुरड्याला आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात, तुरी काढणीला येतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात. तिच्यात पाच दगड मांडून चुना आणि काव लावतात. ते पाच पांडव. त्यांच्यापुढे आंबिलीने भरलेली घागर. जेवणात बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबट भात आणि भज्जी. पुण्यात भजी म्हणतात ती ही नव्हे. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, मेथी, चुका, कांद्याची पात, हाताला येईल ते सगळे चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवतात, तिचे नाव भज्जी. पूजा झाली की घरातला एकजण आंबील आणि पाणी घेऊन उभ्या पिकाभोवती शिंपत फिरतो. याला चर शिंपणे म्हणतात. सांज झाली की पेटत्या कडब्याचा हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरतात.

हे वाचून कोणाला अंधश्रद्धा वाटेल, तर वाटो. चर शिंपल्याने ज्वारीचे एक कणीसही वाढत नाही, हे मलाही ठाऊक आहे, आणि माझ्या वडिलांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे.

तो कसा सुचला, ते सांगते. नोव्हेंबरात वर्गात अमेरिकेचा विषय निघाला होता. तेथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे आभाराचा सण असतो. लांब लांब राहणारी मुले ऐन थंडीच्या तोंडावर प्रवास करून आईबापांकडे जातात, एका टेबलाभोवती बसतात, जेवतात आणि परत फिरतात. मिरवणुका, आतषबाजी यांच्यावाचूनही तो साजरा होतो. घरी जाणे हाच मुख्य विधी. ऐकताना मला वाटले, ही तर आमची येळवस! फरक एवढाच, की ते लोक पीक घरात आल्यावर आभार मानतात आणि आम्ही पीक उभे असतानाच. पुढे गारपीट होईल, भाव पडेल, काहीही होईल. आभार आधीच देऊन टाकलेले. सालगड्याने उचल घ्यावी तसा हा उलटा व्यवहार आहे. ही आभाराची उचल जमिनीने घेतलेली असते.

सरांनी पुढे जे सांगितले, ते मात्र मला जास्त लागले. 1620 साली 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेले इंग्रज लोक पहिल्याच हिवाळ्यात निम्मे मेले. उरलेल्यांना तिथला मका कसा पेरायचा, हे तिथल्याच एका मूळ रहिवाशाने, टिस्क्वांटमने शिकवले. 1621 साली पीक आले तेव्हा प्लिमथला तीन दिवस जेवणावळ झाली. तिला वाम्पनोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसे घेऊन आला होता. आलेले इंग्रज उरले होते पन्नासेक. पुढे 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने हा दिवस देशभर पाळण्याचे जाहीर केले. पण 1970 साली, मेफ्लॉवरच्या आगमनाला साडेतीनशे वर्षे झाली तेव्हा, वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पनोआग गृहस्थांना समारंभात भाषणाला बोलावले गेले. त्यांचे भाषण संयोजकांनी आधी वाचायला घेतले आणि बदलायला सांगितले. त्यांनी बदललेले भाषण करायला नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स हिल टेकडीवर जमून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शोकदिन पाळला, आणि तेव्हापासून तो दरवर्षी पाळला जातो.

एकाच दिवशी एकाच गावात काही लोक आभार मानतात आणि काही लोक शोक करतात. त्या तासाला मी वहीच्या कोपऱ्यात लिहिले होते, 'आबा येळवशीला कुठे बसायचे?'

आबा म्हणजे माझे वडील. ते सव्वीस वर्षे एकाच मालकाकडे सालगडी होते.

सालगडी म्हणजे काय, हे आपल्या महाविद्यालयातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. सालाचा हिशेब पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. एकदा साल धरले की बारा महिने त्या शेताचे. नांगरट, पेरणी, पाणी, राखण, बैल, गडी म्हणून जे पडेल ते. ठरलेल्या पैशांतून निम्मी-अर्धी उचल सुरुवातीलाच घरच्या अडीअडचणीत जाते आणि मग वर्षभर ती फेडायची. मधेच सोडून जाता येत नाही, कारण घेतलेली उचल परत करायला पैसे नसतात. रोजंदारीच्या मजुराला निदान संध्याकाळ स्वतःची असते. सालगड्याला रात्रीचे पाणीही धरावे लागते, कारण वीज रात्रीची येते.

येळवशीचा दिवस त्याला सुटीचा, असे कोणाला वाटेल. आमच्या घरी तो वर्षातला सर्वांत जड दिवस असे. आदल्या दिवशी कडबा ओढून कोप उभी करायची, ती आबांनी. जागा सारवायची, दगडांना चुना लावायचा, ते माझ्या मायने. रात्री माय मालकांच्या वाड्यावर जाई. उंड्यांचे पीठ, भज्जीची निवडणी, पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक. पहाटे डोक्यावरून टोपल्या रानात. आबा बैलांना धुऊन, गाडी जुंपून, पाण्याचे पिंप भरून आणत. मग पुण्या-मुंबईच्या गाड्या येत. मालकांचे लेक, सुना, नातवंडे, त्यांचे मित्र. पूजा होई. चर शिंपण्याची वेळ आली की मालकांचा मोठा लेक घागरीला हात लावी आणि आबांकडे पाही. कारण बांध कुठून कुठवर जातो, हे त्याला माहीत नसे. मग आबा घागर घेत आणि तीस एकरांच्या रानाच्या कडेकडेने चालू लागत. मागून पोरे ओरडत, आणि मीही त्यांच्यात असे.

त्यानंतर पंगत. पहिल्यांदा पाहुणे, मग घरातली पुरुष मंडळी, मुले, मग बायका. शेवटी आमचे घर. अन्न कमी कधीच पडले नाही. येळवशीला रानातून उपाशी कोणी जात नाही, अगदी रस्त्याने जाणारा वाटसरूसुद्धा. पण आबा कधी कोपीपाशी बसलेले मला आठवत नाहीत. ते ताट घेऊन बैलांपाशी, बाभळीखाली जात. लहानपणी मला वाटे, आबांना बैल आवडतात म्हणून.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचे मालक वाईट नव्हते. त्यांनी कधी आबांवर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. मी दहावीत पहिली आले तेव्हा वह्या-पुस्तकांचा खर्च त्यांनी केला. बारावीनंतर मला पुढे शिकवू द्या, असे मायला सांगणाऱ्यांत तेही होते. आज मी हे लिहिते आहे, त्यात त्यांच्या त्या वह्यांचाही वाटा आहे. मग ज्याने वह्या घेऊन दिल्या त्याच्याविषयी असे लिहिणे कृतघ्नपणा नव्हे काय? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला. लेख अर्धा लिहून दोनदा फाडलाही.

शेवटी मला जे दिसले ते असे. आमच्या घरात आभार पुष्कळ होते. मालकांनी धोतर-लुगडे दिले, आभार. ताटात खीर वाढली, आभार. लेकीला वह्या दिल्या, जन्मभराचे आभार. मालक जमिनीचे आभार मानत, पांडवांचे मानत, पावसाचे मानत. या सगळ्या व्यवहारात आभार नेहमी खालून वर जात होते. वरून खाली आले ते दान. जिने पीक दिले त्या जमिनीपुढे मालकांनी हात जोडले. जमिनीतून ज्याने ते काढले त्याच्यापुढे सव्वीस वर्षांत कोणी जोडले नाहीत. त्यांनी मुद्दाम जोडले नाहीत असेही नाही. ते त्यांना सुचलेच नाही. ही गोष्ट मला जास्त भयंकर वाटते.

आणि हे फक्त आमच्या मालकांनाच सुचले नाही असे थोडेच आहे! आपल्या स्नेहसंमेलनात, वक्तृत्व स्पर्धेत, प्रत्येक भाषणात 'बळीराजा' येतो. टाळ्या पडतात. बळीराजा म्हणजे कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. 2001 च्या जनगणनेत देशात शेतकरी जास्त होते आणि शेतमजूर कमी. 2011 च्या जनगणनेत हे उलटले. शेतकरी सुमारे 11 कोटी 88 लाख आणि शेतमजूर सुमारे 14 कोटी 43 लाख. म्हणजे आपण ज्याला जगाचा पोशिंदा म्हणतो त्याच्याहून त्याच्या रानात राबणारे दोन-अडीच कोटींनी अधिक आहेत, आणि त्यांच्यासाठी आपल्या भाषणांत एखादा शब्दही नाही. शेतकऱ्याची दुःखे खोटी नाहीत. सोयाबीनला हमीभाव 4,892 रुपये जाहीर झालेला असताना 2024 च्या हंगामात आमच्या भागातल्या बाजारात तो मिळत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिले. पण मालकाला भाव मिळाला नाही, तर गड्याला साल कुठून वाढून मिळणार? रडतानासुद्धा आम्ही मालकांच्या मागे उभे.

कायद्यानेही आम्हाला ओळखले नाही. निजामी राजवट गेल्यावर आमच्याकडे हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1950 आला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला त्याने कूळ म्हणून हक्क दिले. पुष्कळ कुळे मालक झाली, हे चांगलेच झाले. मात्र पगारावर राबणारा नोकर किंवा मजूर हा कूळ धरला जात नाही. कसण्याचा पुरावा पीकपाण्याच्या कागदावर, आणि सालगड्याचे नाव कुठल्याच कागदावर नाही. सव्वीस वर्षे एका रानात घालवलेल्या माणसाचा त्या रानाशी काय संबंध होता, याचे एकही कागदी उत्तर नाही. मालकाच्या वहीत उचलीचा आकडा तेवढा असेल.

असो. मी प्रवासाचे सांगणार होते.

2024 ची येळवस 30 डिसेंबरला, सोमवारी आली. मी शनिवारी रात्रीच्या एसटीने निघाले. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, नाहीतर वर्षातून दोनदा जाणे मला झेपले नसते. इंदापूरपर्यंत गाडीत बोलणी चालू होती. टेंभुर्णीला चहा झाला आणि मग सगळे गुरफटून झोपले. कुर्डुवाडीच्या पुढे थंडी अशी वाजू लागली की मी पिशवीतली चादर काढली, तरी पाय गार. पूर्वी याच वाटेने बार्शी लाईटची छोटी रेल्वे लातूरला जात असे. आजा तिच्यातून गेलेला, आणि चढावर माणसे उतरून बरोबर चालत, असे तो रंगवून सांगे. खरेखोटे तोच जाणे. बार्शी सोडल्यावर शेजारच्या बाईने डोळे उघडले. तिच्या पायाशी कापडात बांधलेले भांडे होते. माझ्याकडे पाहून तिने विचारले, "येळवशीला निघालीस का, बाय?" मी हो म्हटले. "कोनतं गाव?" मी सांगितले. "बरं केलंस," म्हणाली आणि पुन्हा झोपली. वसतिगृहाच्या वहीत जो रकाना मला भरता आला नाही, तो तिने न विचारताच भरला. मला फार बरे वाटले.

येडशी, ढोकी गेली. मुरूडच्या अलीकडे फटफटू लागले आणि दोन्ही बाजूंना ज्वारी दिसली. गावच्या फाट्यावर आबा सायकल घेऊन उभे होते. गुडघा दुखतो म्हणून आता ते सायकल चालवत नाहीत, नुसती हातात धरून चालतात.

गुडघ्यामुळेच त्यांनी 2024 च्या पाडव्याला साल सोडले. लातूरला राहणाऱ्या एका शिक्षकांचे दोन एकर रान अर्ध्या वाट्याने, म्हणजे बटईने घेतले. खरिपाला सोयाबीन झाले, रब्बीला ज्वारी आणि हरभरा. तेव्हा या येळवशीला, माझ्या आठवणीत प्रथमच, आमच्या हाती स्वतः कसलेले रान होते. अर्धेच आमचे, तेही वर्षापुरते; पण कोप कुठे घालायची हे आमचे आम्ही ठरवणार होतो. मी गाडीत रात्रभर याच गोष्टीचा विचार करत आले होते.

घरी आले तर आबांचा चेहरा उतरलेला. मालकांकडून निरोप आला होता. 'नवा गडी परका आहे, त्याला रान माहीत नाही, तेवढं चर शिंपायला ये.'

मी म्हटले, "जायचं नाही. आता तुम्ही त्यांचे गडी नाहीत."

आबा म्हणाले, "गडी नसलो म्हून काय झालं? त्या रानाला चर कोन शिंपील? पोरांना बांध तरी ठाव हाय का?"

"नसू दे. शिकतील."

"तुला न्हाई कळायचं, बाई."

मायने आमचे भांडण थोडा वेळ चालू दिले. मग म्हणाली, "आधी आपली कोप. आपलं जेवन. मंग ज्याला जिकडं जायचं तिकडं जावं." तिने तिचे ठरवूनच टाकले होते. त्या रात्री वाड्यावरून स्वयंपाकाला बोलावणे आले, तेव्हा ती "माझ्या घरी येळवस हाय" एवढेच म्हणाली आणि चुलीपाशी बसली. एवढे साधे वाक्य तोंडाने म्हणायला तिला सव्वीस वर्षे लागली.

आमच्या दोन एकरांत चौघांचीच येळवस झाली. आबा, माय, धाकटी बहीण आणि मी. ओरडायला पोरे नव्हती, पाहुणे नव्हते, गाड्या नव्हत्या. कोप इतकी लहान होती की आत दगड आणि घागर मावली, आम्ही बाहेर. आबांनी चर शिंपला, मी घागर धरून मागे चालले. दोन एकर संपायला वेळ तो किती लागणार? तीस एकरांची सवय असलेले आबा दुसऱ्या कोपऱ्यावर येऊन थांबले आणि म्हणाले, "झालं?" जणू कोणीतरी त्यांना फसवले होते. मग आम्ही जेवायला बसलो. आबा सवयीने ताट उचलून उठले आणि इकडे तिकडे पाहू लागले. बैल नव्हते. बाभळही नव्हती. माय काही बोलली नाही. तिने फक्त कोपीपुढे एक पोते पसरले. ते येऊन बसले. जेवताना कोणी विशेष बोलले नाही. भज्जीत मीठ कमी होते, तेही कोणी बोलले नाही.

अलीकडे पुण्यात हिवाळा आला की 'हुरडा पार्टी'च्या जाहिराती लागतात. माणशी इतके पैसे, बैलगाडीत फेरी, चुलीवरची भाकरी, झाडाला झोका. आपल्यापैकी कित्येक जण जातात. मला त्याचा राग नाही, हुरडा चांगलाच लागतो. पण तेथे आगटीपाशी बसून जो हुरडा भाजून, चोळून तुमच्या हातावर ठेवतो, त्याने स्वतः तो केव्हा खाल्ला, हे एकदा विचारून पाहावे. त्याच्या घरी येळवस असेल तर त्या दिवशी तो कुठे होता, हेही.

माझे म्हणणे फार मोठे नाही. येळवस बंद करा, असे मी म्हणत नाही. ती मला दिवाळीपेक्षा प्रिय आहे. जमिनी वाटून टाका, असे म्हणण्याइतका माझा अभ्यासही नाही. मी एवढेच म्हणते, की ज्यांच्या रानात गडी आहे त्यांनी त्या एका दिवशी स्वतः कोप घालावी, स्वतः पाणी आणावे, स्वयंपाकाला आपल्या घरच्या हातांना लावावे, आणि गड्याच्या घराला पहिल्या पंगतीत, कोपीपुढे बसवावे. बैलपोळ्याला बैलाला जूं नसते. तेवढे तरी गड्याला मिळावे. आपल्या महाविद्यालयात लातूर-धाराशिवकडची, घरची शेती असलेली मुलेमुली कमी नाहीत. हा लेख त्यांनी घरी वाचून दाखवला, तर त्यांच्या वडिलांना राग येईल, हे मला माहीत आहे. माझ्या वडिलांनाही आला असता, म्हणून मी त्यांना वाचून दाखवलेला नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

कारण आबा शेवटी गेलेच.

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, टोपी झटकली आणि निघाले. मी रागाने दहा मिनिटे बसून राहिले, मग मागे धावले. मालकांच्या रानात गाड्या उभ्या होत्या, पूजा होऊन गेली होती आणि सगळे खोळंबले होते. मालक आता फार थकले आहेत. कोपीजवळ खुर्चीत बसले होते. आबांनी घागर घेतली. या खेपेला मालकांचा थोरला नातू, माझ्याच वयाचा, त्यांच्याबरोबर चालू लागला. आबा त्याला हाताने दाखवत होते, हा बांध, इथून पलीकडे शेजाऱ्याचे, ही विहिरीची वाट, इथे पाणी तुंबते. तो मोबाइलवर त्याचे चित्रण करत होता. मला आधी वाटले चेष्टाच चालली आहे. पण नाही, तो मधेमधे विचारत होता आणि आबा थांबून सांगत होते. एवढे बोलताना मी त्यांना त्या रानात कधी पाहिले नव्हते. अर्धा तास तरी लागला.

परत आले तेव्हा पंगत बसत होती. मालकांनी खुर्चीतूनच हात केला आणि कोपीपुढची जागा दाखवली.

"बस रे. इथं बस."

मी आबांकडे पाहत होते. आबांनी घागर खाली ठेवली, धोतराला हात पुसले.

"जेवून आलोय, मालक," ते म्हणाले. "माझ्या घरी येळवस हाय."

मग मला हाक मारून ते निघाले. वाटेत म्हणाले, मंगळवारची गाडी किती वाजता आहे, आणि मायने भज्जी बांधली आहे, ती थंडीत खराब होत नाही, मैत्रिणींना दे.